कसं काढलंस ते सांग

सांगलीत पावसाळा तोंडावर आला की दोन आकड्यांची चौकशी सुरू होते. कोयनेत पाणी किती टीएमसी, आणि पोराला कितीपर्यंत येतं. पहिली चौकशी चहाच्या गाड्यावर चालते, दुसरी शाळेच्या फाटकाशी. "आमचा शंभरपर्यंत म्हणतो." "आमची दोनशेपर्यंत, आणि उलटेसुद्धा." मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहे. पण विश्रामबागला भाजी घ्यायला गेले तरी एखादी आई पिशवी सावरत थांबवतेच, "बाई, याला गणित जमतच नाही ओ. काय करायचं?" शेजारी तो 'हा' उभा असतो. चारेक वर्षांचा, बालवाडीतला. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते सगळं ऐकत असतो.

पहिल्यांदा मी आईला सांगते, हे त्याच्यादेखत बोलू नको. मग भाजीवाल्या मावशींना विचारून लिंबांची टोपली पुढं ओढते आणि त्याला म्हणते, "मला पाच लिंबं दे बघू." आत्ताच ज्याने आईच्या आग्रहाखातर एक ते पन्नास न अडखळता म्हणून दाखवलं, तो ओंजळीत मावतील तेवढी लिंबं उचलून माझ्या पिशवीत टाकतो. सात, आठ, कितीही. आईचा चेहरा पडतो.

यात बिघडलेलं काहीच नसतं. पन्नासपर्यंत म्हणणं वेगळं आणि पाच देणं वेगळं. आपण सगळ्यांनी लहानपणी तिन्हीसांजेला 'शुभं करोति' घडाघडा म्हटलं, पण 'शत्रुबुद्धिविनाशाय' म्हणजे काय ते किती जणांना ठाऊक होतं? लहान मुलाचं एक-दोन-तीन आधी तसंच असतं. ओळीनं येणारे शब्द, बाकी काही नाही. त्या शब्दांत संख्या भरायला वेळ लागतो, आणि तो बराच लागतो. केरन विन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास मुलांना नेमकं हेच करायला सांगितलं होतं. अमुक इतकी खेळणी दे. त्यात दिसलं ते असं : अडीच-तीन वर्षांचं मूल 'एक दे' म्हटलं की एक देतं, पण 'दोन दे' म्हटलं की मूठ भरतं. काही महिन्यांनी त्याला दोन कळतात. आणखी काही महिन्यांनी तीन. आणि मग, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, कधीतरी सगळं एकदम उलगडतं. मोजताना जो शब्द शेवटी येतो तीच 'किती'ची गोष्ट, हे ध्यानात येतं. मग पाच काय आणि नऊ काय, मूल मोजून देऊ लागतं. गंमत म्हणजे या सगळ्या महिन्यांत त्याला दहापर्यंत म्हणता येतच असतं.

ही उलगड झाली की नाही, ते घरबसल्या ओळखता येतं. मुलाला पाच शेंगा मोजायला लावा. मोजून झाल्या की विचारा, "किती आहेत?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर समजा अजून वाटेत आहे. त्याच्या लेखी 'किती' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजण्याची सगळी क्रियाच. नुसतं 'पाच' म्हणालं की झालं. अशा वेळी त्याला पुढचे आकडे शिकवण्यापेक्षा ताटं मांडायला सांगावं, प्रत्येक ताटाला एक वाटी ठेवायला सांगावं, चार चपात्या आजोबांना नेऊन द्यायला सांगावं. खर्च शून्य.

आणि घाई कशासाठी म्हणते मी? २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात सरकारनेच उद्दिष्टं लिहून ठेवली आहेत. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, मुलाला १० पर्यंतचे अंक ओळखता-वाचता यावेत. पहिलीत ९९ पर्यंत. दुसरीत ९९९. इकडं आमच्या गल्लीत ज्युनियर केजीच्या मुलांच्या वह्या शंभरापर्यंतच्या आकड्यांनी भरलेल्या असतात, तेही दोन-दोनदा लिहून. त्या वह्या भरून मुलाचं मनगट दुखतं, बाकी फार काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

*

आता एका शब्दाविषयी बोलायचंय. पालकांचा लाडका शब्द. 'नक्की?'

मूल म्हणतं, "सात." आई म्हणते, "नक्की? नीट बघ." मूल लगेच, "आठ?" आई म्हणते, "अगं, धड एक सांग ना!" मुलीने खरं तर बरोबरच उत्तर दिलं होतं. पण आपल्या घरांत मोठ्या माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला, की त्याचा अर्थ एकच असतो : चुकलं. मुलीने प्रश्नाचा अर्थ अचूक ओळखला, फक्त तो प्रश्न गणिताचा नव्हता.

ही माझी कल्पना नव्हे, याच्यावर मोठा वाद झालेला आहे. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. समोरासमोर सारख्या गोट्यांच्या दोन ओळी लावायच्या. "दोन्हीत सारख्याच आहेत का?" "हो." मग मुलाच्या डोळ्यांदेखत एका ओळीतल्या गोट्या लांब-लांब सरकवायच्या आणि पुन्हा विचारायचं, "आता सारख्या आहेत का?" पाचेक वर्षांची पुष्कळ मुलं म्हणतात, या लांब ओळीत जास्त आहेत. पियाजे यांनी निष्कर्ष काढला की या वयात संख्या टिकून राहते हे मुलांना कळलेलं नसतं. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या दोघांनी तोच प्रयोग किंचित बदलला. गोट्या मोठ्या माणसाने सरकवायच्या नाहीत. एक खोडकर टेडी अस्वल मध्येच घुसतं, ओळ विस्कटून टाकतं, आणि मग विचारायचं. तेवढ्यानं बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या चांगलीच वाढली. कारण उघड आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न परत विचारला, तर मूल समजतं, याला वेगळं उत्तर हवंय. अस्वलाने विस्कटलं तर प्रश्न खरा प्रश्न वाटतो.

पियाजे चूक ठरले असं मी म्हणत नाही. खूप लहान मुलांना ओळ लांब झाली की जास्त वाटतंच, ते मी वर्गात बघितलेलं आहे. पण आपण कसं विचारतो याने उत्तर बदलतं, हे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवायला हवं. म्हणून मी 'नक्की?'च्या जागी दुसरा प्रश्न सुचवते : "कसं काढलंस ते सांग." हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारायचा. नाहीतर मुलं तेवढ्यावरूनही ओळखतात की चुकलंय म्हणून विचारतायत. फार हुशार असतात.

पहिल्या आठवड्यात मूल खांदे उडवेल. "असंच." विचारत राहिलात तर एक दिवस ते सांगेल, आणि तुम्हाला जे ऐकायला मिळेल त्याने तुम्ही थक्क व्हाल. सहा अधिक सात तेरा कसे? "सहा आणि सहा बारा ना, मग एक." हे कुणी शिकवलेलं नसतं.

*

मराठी मुलांच्या वाट्याला एक जास्तीची चढण येते, तिच्याबद्दल पालकांना फार कमी माहिती असते. शाळेतून वही येते, त्यात पस्तीस सांगितल्यावर मुलाने ५३ लिहिलेलं असतं. वडील म्हणतात लक्ष नाही. मी म्हणते, पुरेपूर लक्ष आहे. पस्तीस हा शब्द नीट ऐका. आधी पाच येतात, मग तीस. मुलाने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. एकोणतीस सांगितलं की ते ३९ लिहितं, कारण त्याला शेवटी तीस ऐकू आलं आणि आधी काहीतरी नवासारखं असणार हेही आठवलं. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, हे हिशेब करून ठेवलेलं नाव. सहा वर्षांच्या पोराला त्या नावातून २९ पर्यंत पोचायला आधी वजाबाकी करावी लागते! बरं, नियम तरी सलग असावा. एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि मग अचानक नव्व्याण्णव. नुसत्या तिनाची रूपं पाहा : तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. शंभराच्या आतलं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वर्तमानपत्रं, विधानसभा, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडं थट्टा. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. त्या स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळं लहान मुलं अडखळतात, म्हणून हा जोडीचा पर्याय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. फार थोड्या लोकांनी ते शांतपणे ऐकलं. मला स्वतःला एकवीस-बावीस हे शब्द सोडून द्यावेत असं वाटत नाही. बाजारात, घरात, आजीच्या तोंडी तेच आहेत. पण अडचण खरी होती आणि आहे, आणि थट्टा करणाऱ्यांपैकी कुणी पहिलीचा वर्ग घेतलेला नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगते.

आपल्याच जिल्ह्यात याची दुसरी बाजू बघायला मिळते. जत तालुक्यात कन्नड बोलणारी पुष्कळ घरं आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस आणि एक. पस्तीस म्हणजे 'मूवत्तैदु', तीस आणि पाच. बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम एकच. तिकडं शिकवलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, मुलांनी आकडे उलटे लिहिल्याचं तिला फारसं आठवत नाही. एकीच्या आठवणीवर सिद्धांत बांधू नये हे मलाही कळतं. पण जर्मन भाषेतही एकविसाला 'एक आणि वीस' म्हणतात, आणि तिथल्या मुलांच्या चुकांचा अभ्यास झालेला आहे. तीही ५३ आणि ३५ यांची अशीच अदलाबदल करतात. म्हणजे दोष आपल्या पोराच्या डोक्यात नाही.

घरी करायचं ते सोपं. आइस्क्रीमच्या काड्या किंवा उदबत्तीच्या काड्या साठवायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे, बाकीच्या सुट्या. पस्तीस ऐकून ५३ लिहिलं, तर खोडायला लावू नका. म्हणा, "हे काड्यांत दाखव." मूल पाच गठ्ठे उचलू लागतं, थबकतं. कधी स्वतःच म्हणतं, "हे तर जास्त झाले." दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी यांनीही तेच होतं, आणि पैशात मुलांचं लक्ष जास्त लागतं. मराठी शाळांत गणितमाळ असते, दर दहा मण्यांनी रंग बदलणारी, शंभर मण्यांची. घरी ओवून बघा. गणपतीत मखरालाही वापरता येते.

*

बोटांचा विषय निघाला नाही असं कधी होत नाही. "अजून बोटं मोजतो बाई, दुसरीत गेला तरी." बोलणाऱ्याच्या आवाजात लाज असते. मी विचारते, तुमच्या आई जप करताना काय करतात? अंगठ्यानं पेरं मोजतात. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. बाजारात बायका अजूनही पेरांवर हिशेब धरतात. त्यांना कुणी कच्चं म्हणत नाही.

बोटं वापरतो की नाही यापेक्षा कशी वापरतो ते बघा. आठ अधिक तीन. सुरुवातीला मूल आठ बोटं उघडतं, मग आणखी तीन उघडायला जातं आणि बोटं संपतात. बिचारं भांबावतं. मग कधीतरी ते आठ डोक्यात धरून तीनच बोटं उघडतं. नऊ, दहा, अकरा. ही फार मोठी उडी आहे, आणि आईवडिलांना ती दिसतच नाही, कारण उत्तर दोन्ही वेळा अकराच. पुढं तीन अधिक आठ विचारलं तरी ते आठापासूनच सुरुवात करतं. पहिलीतली मुलं मोठ्या संख्येपासून पुढं मोजतात हे १९७२ मध्ये ग्रोएन आणि पार्कमन यांनी मुलांना लागणाऱ्या वेळावरून दाखवलं. त्यानंतर येतं दहा करून पुढं जाणं. आठ अधिक पाच, तर पाचातले दोन आठाला देऊन दहा, उरले तीन. हे सगळं शिडीच्या पायऱ्यांसारखं होत नाही, हेही ध्यानात ठेवा. रॉबर्ट सीगलर यांनी वर्षानुवर्षं मुलांची निरीक्षणं केली. एकच मूल एकाच दिवशी एका गणिताला बोटं वापरतं, दुसऱ्याला आठवणीतून उत्तर देतं, तिसऱ्याला दहा करतं. जुनी रीत हळूहळू मागं पडते. बोटांवर छडी मारून ती मागं पडत नाही. मूल बोटं टेबलाखाली नेतं, एवढंच.

याच सीगलर यांनी गीता रमाणी यांच्यासोबत केलेलं एक काम मला फार आवडतं. २००८ चं. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांची सरळ पट्टी असलेला खेळ दिला. पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, दोनेक आठवड्यांत. मुलांची संख्यांची समज वाढली. ज्या मुलांना तशाच पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्यांची नाही वाढली. म्हणजे आपली सापशिडी! पण त्यात एक मेख आहे. आपण सोंगटी सरकवताना काय म्हणतो? सोळावर असलो आणि तीन पडले, तर "एक, दोन, तीन." त्या मुलांना मात्र घराचं नाव घेत सरकायला सांगितलं होतं. सतरा, अठरा, एकोणीस. तेवढाच फरक, पण त्याने मूल पुढं मोजायला शिकतं. आजोबांना हे सांगून बघा, ते सुरुवातीला वैतागतील. आपल्या सापशिडीची ओळ नागमोडी जाते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. म्हणून अगदी लहानाला आधी अंगणात खडूने एक ते दहाची सरळ पट्टी काढून द्यावी आणि त्याने स्वतःच तिच्यावर चालावं.

*

वजाबाकी मला आयर्विन पुलाने शिकवली असं म्हटलं तर लोक हसतात. पण खरं आहे. १९२९ सालचा हा पूल, सांगलीच्या प्रत्येक पोराला पावसाळ्यात त्याचा आकडा ठाऊक असतो. कृष्णेची पातळी तिथं फुटांत मोजतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, आणि त्यानंतर तर दुसरीतली मुलंसुद्धा सकाळी वर्गात येऊन सांगू लागली, "बाई, आज बत्तीस."

अशाच एका सकाळी मी विचारलं, "मग इशाऱ्याला किती राहिलं?" नदीकाठच्या वस्तीतला एक मुलगा, एरवी गणितात मागच्या बाकावरचा. क्षणभर ओठ हलले आणि म्हणाला, "आठ." कसं काढलंस? "चौतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस. दोन-दोननं चार वेळा." त्याच दिवशी मी फळ्यावर उभी मांडणी लिहिली. चाळीस, खाली बत्तीस. त्याने वहीत उत्तर लिहिलं, बारा.

हे बारा कुठून आलं? शून्यातून दोन जात नाहीत. मग त्याने दोनातून शून्य वजा केलं, खाली दोन लिहिले. चारातून तीन गेले, एक. बारा. लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा, ही त्याची रीत. दिवसभर तो तीच रीत सगळ्या गणितांना लावत होता. ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाक्या तपासून हेच दाखवलं. चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागं मुलाचा स्वतःचा नियम असतो आणि तो ते इमानदारीनं पाळतं. पाच चुकीची गणितं एकत्र बघितली तर नियम सापडतो. एकेक लाल फुली मारत गेलं तर सापडत नाही.

मी त्याला चूक सांगितली नाही. म्हटलं, "आयर्विनला बत्तीस असताना इशाऱ्याला बारा फूट राहिले म्हणतोस?" तो म्हणाला, "नाही बाई, आठ." आणि वहीकडं बघून, "हे वेगळं गणित आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण त्याच्यासाठी ते खरोखरच वेगळं होतं. ब्राझीलमधल्या रेसीफे शहरात नुनेस, कॅराहर आणि श्लीमान यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. १९८५ मध्ये तो छापून आला. गिऱ्हाइकाशी बोलताना मुलांचे हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर. तेच आकडे कागदावर नुसत्या क्रिया म्हणून दिले, तर सुमारे ३७ टक्के. २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकाता इथल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरही असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यातली दुसरी बाजू मला जास्त बोचते. शाळेत नीट शिकणारी मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातला हिशेब समोर आला की तीही अडत होती. दोन्हीकडून पूल नाही.

तासगावकडच्या एका मुलाने मला द्राक्षांचा भाव सांगितला होता. आपल्याकडं भाव चार किलोच्या पेटीला असतो. "पेटी दोनशे चाळीस." मग किलो कितीला? "निम्मे एकशेवीस, त्याचे निम्मे साठ." भागाकार अजून शिकायचा होता तो. पुढं तो भागाकार शिकला, लांबलचक मांडणीत, आणि तेव्हा मी त्याला विचारलं, हे पेटीवालंच आहे ना? त्याने मान डोलावली, पण मला वाटत नाही त्याला त्या दिवशी पटलं असेल. कधीकधी वर्ष जावं लागतं.

*

पाढ्यांबद्दल थोडक्यात. पाढे पाठ करावेत. हे मी मुद्दाम म्हणते, कारण हल्ली 'घोकंपट्टी वाईट' असं सरसकट बोलण्याची फॅशन आहे. आमच्या आधीच्या पिढीने तीसपर्यंतच काय, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा म्हटली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. धान्याच्या मापांत आणि आण्यांच्या हिशेबात ते रोज लागत असे. आता लागत नाही, सोडून दिलं तरी चालेल. पण बे ते दहा पाठ असले की डोकं मोकळं राहतं. माझी अट एवढीच : मधूनच विचारा. सात आठे? छप्पन्न आठवलं नाही, तर सात साते एकोणपन्नास आठवतात का, आणि त्यात सात मिळवायचे हे सुचतं का? सुचत असेल तर पाढा मुलाच्या मालकीचा झाला. नाहीतर त्याला प्रत्येक वेळी सात एके सातपासून चालत यावं लागतं.

आणि आईवडिलांनी स्वतःबद्दल जे म्हणायचं टाळावं, ते वाक्य म्हणजे "मलाही गणित कधी जमलंच नाही." हसत-हसत म्हणतात, मुलाला धीर द्यायला म्हणून. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, गणिताची धास्ती असलेले पालक जेव्हा वारंवार गृहपाठाला बसतात, तेव्हा त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात. न बसणाऱ्या धास्तावलेल्या पालकांच्या मुलांचं तसं झालं नाही. मला यातून पालकांना दोष द्यायचा नाही. अशा पालकांनी गृहपाठ न घेता सापशिडी खेळावी, बाजारात नेऊन सुटे पैसे मोजायला द्यावेत. तिथं धास्ती येत नाही, कारण तिथं कुणाला ते गणित वाटतच नाही.

परवा एका वडिलांनी विचारलं, "बाई, तुमचं सगळं पटतं. पण शाळेत उभी मांडणीच मागतात, हातचा घेऊनच दाखवा म्हणतात. घरी मी काड्या न् आयर्विन करत बसलो, तर परीक्षेत काय लिहायचं त्यानं?"

प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, शाळेची मांडणी शाळेत करू दे, तिला विरोध नको. हातच्याची रीत चांगलीच आहे, मोठ्या आकड्यांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण हातचा घेताना त्याच्यासमोर एक गठ्ठा सुटतोय हे त्यानं एकदा हातानं बघावं. दहाच्या एका नोटेचे दहा रुपये त्यानं स्वतः मोडून घ्यावेत, म्हणजे चाळीसच्या चार नोटांतल्या तीनच का उरल्या ते कळेल. आणि मांडणी झाली की विचारा, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं हेच काढता येईल? पुढं मोजत जाऊन, नाणी घेऊन, कशानंही. दोन्ही उत्तरं जुळली तर परीक्षेत त्याला बाईंची वाट बघावी लागणार नाही, आपलं बरोबर आहे हे त्याला आधीच कळलेलं असेल. नाही जुळली तर आणखी बरं. कुठलं खरं यावर त्याला तुमच्याशी भांडू द्या.

"आणि अबॅकसला घालू का?" त्यांनी जाता जाता विचारलं.

मी म्हटलं, घाला, फी परवडत असेल तर. फक्त घरी आल्यावर त्याला विचारायचं ते तेच विचारा.